तीन येन

इथे खाणार, की घेऊन जाणार?
शिगेनो रोज विचारते. विचारावंच लागतं.
घेऊन गेलात तर शेकडा आठ,
स्टुलावर टेकलात तर शेकडा दहा.
पाव तोच, अझुकीचं पुरण तेच,
भट्टीही पहाटे तीनलाच पेटलेली,
फक्त बुडाखाली लाकूड आलं
की सरकार दोन टक्के जवळ सरकतं.

"घेऊन जातो," म्हणतो मिकामी,
एकशे बासष्ट येन ताटलीत मोजून ठेवतो
आणि बसतो.
खिडकीकडचं स्टूल. त्याचंच म्हणा ना.
ती फडक्याने काउंटर पुसत राहते.
कायदा विकतानाचा हेतू धरतो,
नंतरच्या गुडघ्यांचं त्यात काही लिहिलेलं नाही.

प्रश्न तीन येनचा.
एक येनचं नाणं इतकं हलकं
की अलगद सोडलं तर पाण्यावर तरंगतं.
पण मिकामीने एकतीस हिवाळे
नगरपालिकेची बर्फ सारायची गाडी चालवली,
नाणी बुडतात कुठे ते त्याला ठाऊक आहे.
मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून
कोरड्या डांबरावरून पातं ओढलंय त्याने,
रात्री, ठिणग्या उडवत.
"त्या ठिणग्या तुझ्याच होत्या, बाई."
त्याच मार्चमध्ये
बाळंतिणींचा वॉर्ड बंद झाला, पैसे नाहीत म्हणून.

शिगेनोकडे उत्तर नाही.
तिच्याकडे बुटांचं खोकं आहे,
त्यात मैदा, गॅस, साखर, भट्टी दुरुस्तीवाल्याच्या पावत्या,
आणि पंधरा मार्चच्या आत भरायचा प्राप्तिकराचा अर्ज.
दर वर्षी एक रात्र ती शिव्या देते
नवऱ्याच्या फोटोकडे पाठ करून,
आणि सकाळी नेऊन भरते.
देशप्रेम वगैरे नाही.
पाठिंबा आहे का, असं कुणी विचारलं
तर म्हणेल, आधी पाठीचं विचारा.

पण पहाटे कणीक मळताना
लोखंड रस्ता घासत येतं,
नारिंगी दिवा भिंतीवरून, पिठावरून, तिच्या मनगटांवरून फिरतो,
आणि तिला कळतं की आज दूध येईल,
डायलिसिसची व्हॅन वळण घेईल,
शाळेची उरलेली चार पोरं जातील.
मग गाडी पुढे सरते
आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ
तिच्या दारात, कमरेइतका, दगडासारखा
रचून ठेवते.
रस्ता मोकळा. दार बुजलेलं.
ते ज्याचं त्याने फोडायचं.
करांबद्दल याहून जास्त
तिला काही सांगता येणार नाही.

फेब्रुवारीत एकदा गाडी आलीच नाही.
तीनला नाही, पाचला नाही.
मिकामी मांडीभर बर्फ तुडवत आला
आणि न बोलता खिडकीतून बघत राहिला, चुकांवर खुणा करणाऱ्या मास्तरासारखा.
नऊला आली. चालवणारा विशीतला,
खाली उतरला तर बोटं मिटेनात.
दुसऱ्या ड्रायव्हरची जागा भरलेली नाही, म्हणाला,
दोन भाग एकट्याकडे, कालपासून.
काही खायला आहे का?

इथे खाणार, की
शिगेनोने वाक्य सुरू केलं.
मिकामी उठला. खिडकीकडचं स्टूल
पायाने पुढे ढकललं.
"इथेच. दोघांचं."
तीनशे तीस येन.
"इथेच ना?" तिने पुन्हा विचारलं.
"बहिरी झालीस का?"

पोरगा खाता खाता पेंगला.
पातं कोणत्या कोनात धरलं
की लोकांच्या दारात कमी साचतं
ते मिकामी त्याला सांगत होता.
त्याने ऐकलं की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मिकामी आला.
"घेऊन जातो," म्हणाला, आणि बसला.

त्या रात्री शिगेनोने वही उघडली.
दहा टक्क्यांच्या रकान्यात आठवडाभरात
तेवढेच तीनशे तीस.
तिने आकडा दोनदा तपासला.
मग दिवा मालवला,
फावडं दाराच्या आतल्या बाजूला
हाताशी येईल असं ठेवलं.