हिरवी सुतळी

असोळण्यातल्या सात घरांच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत,
एका खिळ्याला टांगलेल्या. प्रत्येकीला निराळ्या रंगाची सुतळी.
हिरवी एफिजेनियाबाईंची.
मी प्लंबर. राखणदार नव्हे.
पण ज्याला नळ ठाऊक त्याला घर ठाऊक,
असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली
आणि स्विंडनला गेल्या. अकरा वर्षं झाली.

नाताळाला येतात. त्याआधी मी टाकी घासून ठेवतो.
यंदा आल्या, बलकांवात बसल्या, पंखा लावला,
आणि रात्री साडेनऊला बोलावणं धाडलं :
शाबा, पायप फुटतले रे.
म्हटलं, कुठला? सकाळीच तर सगळे पाहिले.
इथले नव्हेत. तिथले.

शेजारणीनं फोटो पाठवला होता.
खिडकीबाहेरचा काटा शून्याच्या खाली चार,
आणि रात्र अजून यायची होती.
घरात बॉयलर बंद पडलेला. घरात कोणी नाही.

मला बर्फ ठाऊक तो कुटबणच्या धक्क्यावरचा,
लाद्या भरडून ट्रॉलरच्या पोटात ओततात तो.
आणि एकदा फ्रिझरमध्ये विसरलेली बिअर.
सकाळी पाहतो तर काच सोलून पडलेली
आणि मधोमध बाटलीच्याच आकाराची
बिअर उभी, बाटलीशिवाय.
तेवढ्यावरून समजलो :
गोठणारं पाणी जागा मागतं,
आणि समोर पितळ असो की तांबं, हुज्जत घालत बसत नाही.

शेजारीण पोलंडची, हालिना.
मी कोंकणीत सांगायचं, बाईंनी इंग्रजीत,
मग तिकडे टॉर्चचा उजेड हलायचा.
जिन्याखाली बघ. नाही.
सिंकखाली, साबणाच्या डब्यांमागे. नाही.
प्लंबर कुठलाही असो, आळशीच असणार.
पाइप जिथून आत शिरतो तिथेच कॉक बसवून मोकळा झाला असेल.
रस्त्याकडच्या भिंतीशी बघ.
सापडला. पण हलेना.
जोर नको लावू, फडकं गुंडाळ, दम धर,
घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं.
फिरला.
आता वरचा नळ उघड. मग खालचे. फ्लश ओढ.

आम्ही दोघं बलकांवात फोन मध्ये ठेवून ऐकत बसलो.
पाणी घर सोडून निघालं होतं.
आधी भरभर,
मग अडखळत,
मग नुसती हवा, खोकल्यासारखी,
मग हालिना काहीतरी म्हणाली आणि हसली.
बाईंनी क्रूस काढला. पंखा बंद केला.
किती झाले, असं त्यांनी विचारलं,
आणि मला दर सुचेना.
बेबिंक खाऊन घरी आलो.

जानेवारीत त्या गेल्या. मंगळवारी मी हिरवी सुतळी काढतो.
इथलं काम उलटं.
सगळे नळ सोडून पाणी खेळवायचं,
नाहीतर वॉशर सुकून भेगाळतात.
मोरीत तांब्याभर ओतायचं,
नाहीतर खालचा वाकडा पाइप कोरडा पडतो
आणि त्या वाटेनं झुरळं चालत येतात
थेट हॉलमध्ये, बाईंच्या नवऱ्याच्या फोटोपर्यंत.
तिथं घर रिकामं करून राखायचं, इथं भरून.
हे बायकोला सांगितलं.
ती म्हणाली, आपल्या न्हाणीतला नळ
गणपतीपासून गळतोय.

मग बाईंचा निरोप आला :
कॉक सोडला. नळ आधी शिंकला, मग आला. लाल होता, आता स्वच्छ.

काल पहाटे इथेही थंडी पडली.
आमची थंडी, एकोणीस. साळ नदीवर धुकं,
पाववाल्याच्या डोक्याला मफलर.
मी मोरीत पाणी ओतलं, कुलूप हातात घेतलं,
आणि काही गरज नसताना परत आत गेलो,
स्टूल ओढून वर चढलो,
टाकीपासून खाली येणाऱ्या पाइपावर हात ठेवला.
गार होता.
थोडा वेळ तसाच ठेवला.