पाव तास

सोहारच्या पलीकडे, जिथं समुद्राचं पाणी गोड करतात,
तिथं मी सहा वर्षं काढली.
मीठ काढून टाकण्याचा पगार घ्यायचा
आणि संध्याकाळी शर्ट झटकला
की पाठीवरचं मीठ खोलीभर.

एलीशा पगारे माझ्या खालच्या बंकवर.
राहुरीकडचा. बोलणं कमी, कामाला टाइमकीपर:
तीनशे दहा माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा
निळ्या शाईनं एका लांबड्या रजिस्टरात.
त्याच्याकडे एक पुस्तक होतं, पाठ मोडलेलं,
काळ्या इन्सुलेशन टेपनं बांधलेलं.
पहाटे चारला ते वाचायचा
टॉर्चवर बोट धरून,
बोटातून गाळून लाल झालेला तेवढाच उजेड,
का, तर वर माझी झोप मोडू नये.
मोडायचीच. मी सांगितलं नाही कधी.

एकदा विचारलं, काय लिहिलंय रे त्यात एवढं?
म्हणाला, बरंच आहे. आधी जेव, भात गार होतोय.
इतक्या वर्षांत मला झालेला उपदेश हा एवढाच.

रमजानात गुलझरीनचा फोन बिघडला
तर सहरीला उठवायचं काम यानं घेतलं,
महिनाभर, पायाचा अंगठा हलवून,
"खानसाब, टाइम झाला, उठो" अशा राहुरीच्या हिंदीत.
आणि दिवसा स्वतः पाणी प्यायचा ते
टाकीमागे जाऊन, चोरासारखं.
टेकबहादूरची आई गेली, तेव्हा सगळे काहीबाही बोललो.
हा बोललाच नाही. त्याचे बूट धुतले,
वाळल्यावर लेस ओवून दाराशी ठेवले.

मी मनात हसायचो.
आम्ही गुहागरची माणसं,
सुपारीसुद्धा फोडून बघितल्याशिवाय घेत नाही.

मग ती पाव तासाची गोष्ट.
युनिटपासून गेटपर्यंत चालायला पाव तास लागतो,
ऑगस्टात जास्तच.
फोरमन कुरुविला म्हणाला, चालणं म्हणजे काम नव्हे,
साडेसहाच्या जागी सव्वासहा लिही.
तीनशे दहा माणसं. रोजचे साडेसत्त्याहत्तर तास.
एलीशानं ऐकून घेतलं आणि साडेसहा लिहिलं.
दुसऱ्या दिवशी साडेसहा.
तिसऱ्या दिवशी कुरुविला ओरडला, तेव्हाही, शाई वाळू देत,
साडेसहा.
गंमत अशी की शुक्रवारी दोघं एकाच बसनं
एकाच चर्चला, एकाच बाकावर.
मी खोदून विचारलं, तिथं काय मागतोस रे, त्याची बदली?
"त्याच्या मुलीला दमा आहे," म्हणाला, "तिच्यासाठी."
मला राग आला. कुरुविलाचा नाही, याचा.
इतकं चांगलं असून कसं चालेल माणसाला?

चाललं नाहीच. दहाव्या दिवशी दुक्मला पाठवलं, स्टोअरवर.
जाताना गादी उन्हात टाकून गेला पुढच्या माणसासाठी.
टॉर्च मला दिली.
पुस्तक दिलं नाही, मीही मागितलं नाही.

रजिस्टर माझ्याकडे आलं.
दहावी पास, आकडे बरे येतात म्हणून.
कुरुविला टेबलाला टेकून उभा,
गावाकडे माझा स्लॅब अर्धा पडलेला,
आणि मी व्याडेश्वराचा माणूस, नारळ-नवसाचा,
त्या पुस्तकातली एक ओळ मला येत नाही.
सहाचा आकडा काढला. तो दोन्हींना लागतो.
पुढं टिंबाशी पेन अडलं.
खिडकीबाहेर ती माणसं गेटकडे चालत येत होती,
कुणी टोपी काढून वारा घेत,
गुलझरीन सगळ्यात मागं, लंगडत.
मी तीस लिहिलं.
हात हलला, तीन जरा वाकडा आला.

कुरुविला बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला.
रुमालानं मान पुसली.
मग हळूच म्हणाला,
तोही असाच वाकडा काढायचा का?

मी म्हटलं, नाही साहेब.
त्याचं अक्षर चांगलं होतं.