दोन स्वतंत्र संदर्भ

ओटीलिया ग्राउडिन्या हिचं पान
सात दिवसांत काढून टाकण्यात येईल,
अशी पिवळी पट्टी आली त्यावर
मंगळवारी. वाचनालयात मी एकटीच होते,
शेगडीत बर्चची लाकडं ओली, धूर फार.

आक्षेप घेणारा रिगाचा. रायतिस.
वाईट माणूस नाही. सरळ विचारतो:
नावाडीण होती, मान्य. पण नदी तिथे नावाडी.
उद्या घाटागणिक एकेक पान करायचं का?
दोन स्वतंत्र संदर्भ द्या.

चर्चच्या वहीत ती दोनदा आहे,
जन्माला एका स्पेलिंगनं, मरणाला दुसऱ्या.
पाद्री जर्मन. जसं ऐकू आलं तसं लिहिलं.
पण हा संदर्भ धरत नाहीत,
जन्मतात काय, सगळेच.

फोटो आहे एक. पुलाचं उद्घाटन, एकोणीसशे सव्वीस.
मंत्री, कात्री, मंत्र्यांच्या मिशा,
बँडवाल्यांच्या फुगलेल्या गालांवर ऊन,
आणि अगदी कडेला, चौकटीत अर्धवट शिरलेला
एका बाईचा दंड, बाही कोपरावर दुमडलेली.
खाली छापलंय: मान्यवर व इतर.
हा दंड तिचा, असं गावातले म्हणतात.
गावातले म्हणतात, हा संदर्भ नव्हे.

पूल बांधणाऱ्या इंजिनियरचं पान आहे.
सात परिच्छेद, पदकं, सासऱ्याचा हुद्दा.
पूल चव्वेचाळीस साली उडवला.
पाणी उतरलं की दोन खांब दिसतात, शेवाळलेले.
पान शाबूत.

तिची नाव तीस वर्षं चालली त्याच पाण्यावर.
तिचं नाव चालेना.

शेवटी जिल्ह्याच्या दप्तरखान्यात सापडली.
मार्च, एकोणीसशे सात. जमीनदाराचा कारकून लिहितो:
बर्फ फुटत असता, मनाई असता,
रात्री, विनापरवाना, नाव पाण्यात लोटली.
नावेत सुईण एक, बकऱ्या दोन.
दंड तीन रूबल.
अक्षर देखणं आहे, नाव अचूक.
बकऱ्या कशाला, ते नाही लिहिलेलं.
मूल कुणाचं, जगलं का, तेही नाही.
तीस वर्षांतली ही एक रात्र ती चुकली
म्हणून कागदावर आली.
बाकीच्या रात्री वेळेवर, वजनात,
माणसं उतरवून ती घरी गेली असणार.
त्याची पावती कोण फाडतं?

आता एक सांगते, रायतिसला नाही सांगितलं.
गेल्या हिवाळ्यात मीही एक पान काढलं.
कुठल्याशा गावचा घड्याळवाला,
पणतूनं लिहिलेला, शुद्धलेखन कच्चं,
संदर्भ एकच, तोही पणतूच.
'वगळा' असं लिहिलं मी, चहा निवायच्या आत.
परवा त्याचं नाव आठवेना.
शोधायला गेले
तर पान नाही.

दंडाची नोंद डकवली. रायतिसचं उत्तर आलं,
त्याच शांतपणे: हा एक झाला.
दुसरा?
आणि खाली, बहुधा रात्री उशिरा, वेगळ्या ओळीत:
बकऱ्या मात्र छान आहेत.

पुढच्या मंगळवारी निकाल लागला. विलीन करावे.
आता ती गावाच्या पानात आहे,
'दळणवळण' या मथळ्याखाली,
बसच्या मार्गांच्या जरा वर, एका ओळीत.
ओळ निर्दोष आहे. व्याकरण, सन, सगळं.
सुईण ठेवली. बकऱ्या गाळल्या.

मी कुलूप लावायच्या आधी
दप्तरातल्या त्या पानाचा फोटो
पुन्हा एकदा मोठा करून पाहिला.
तारीख, गुन्हा, रक्कम, सही.
आणि उजवीकडे, शिवणीच्या जवळ,
एक रकाना: वसूल.
त्यात काही नाही. शाईचा ठिपकासुद्धा नाही.

म्हणजे तीन रूबल
अजून बाकी आहेत.