एक किलो नऊशे

दांडीवर सुरमईचा लिलाव उठला,
आणि मी द्रौपदीआतेच्या काट्यावर
माझं नवं जॅकेट ठेवलं.
काटा थरथरला. खवल्यांचं पाणी पट्ट्याला लागलं.
‘ह्यां काय गो? बाळाचां झबलां?’
एक किलो नऊशे.
तिच्या पाटीतली सुंगटं याहून जड.

जुनं त्याच काट्यावर चार किलो सहाशे,
तेही कोरडं असताना.
भिजल्यावर ते कुणाचं ऐकत नाही.
पाठीला टणक फळी, खांद्यावर कड्याच कड्या,
नारिंगी रंग विटून सुकलेल्या करदीसारखा.

विमानवाले वीस किलो देतात.
रेग्युलेटर, फिन्स, सूट, टॉर्च,
दोन कपडे, एक आगळाची बाटली.
शिसं कुणीच नेत नाही.
जड व्हायची सोय जगात सगळीकडे मिळते.

जूनला बोटी वर ओढल्या जातात, झापांखाली.
बारा पावसाळे मी इथेच
व्हॉल्व्हचं मीठ खरवडत काढले.
यंदा बालीला जाते म्हटलं. बुड्या मारायला.
आईने ताट खाली ठेवलं.
‘हय पाणी कमी पडलां?’

निवड तशी दोन जॅकेटांत होती.
दुसऱ्याला छान खिसे, चेन, आत अस्तर.
बस्त्याव आयुष्यभर आधी शिडं
आणि मग ताडपत्र्या शिवत आलेला.
त्याने दोन्ही उलटी केली, टाक्यांवरून नख फिरवलं.
‘हलको माल घेताना रंग बगू नको. शिवण बग.’
नळीला तोंड लावून गाल दुखेपर्यंत फुगवली,
रात्रभर ओसरीवर ठेवली.
सकाळी खिसेवालं निम्मं मेलं होतं.

उरलेलं घेऊन खडपापलीकडे गेले.
पट्टा एकच. तो आधी भिजवायचा, मग आवळायचा,
हे मी पर्यटकांना रोज सांगते
आणि स्वतः विसरले.
सिलिंडर घसरून कमरेवर.
वर आले, बोटीला धरून शिव्या दिल्या, पुन्हा आवळलं.

सहा मीटरवर
श्वास घेतला, दोन बोटं वर.
सोडला, दोन बोटं खाली.
पाठीवर काही आहे की नाही कळेना.
बाबांनी पांगाऱ्याचा बिंडा बांधून
जेटीवरून ढकललं होतं, तसंच काहीसं.
त्यालाही खिसे नव्हते.

घरी येऊन माहितीपत्रक वाचलं.
अगदी शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
उचल अकरा किलो.
जुन्याची वीस.

गेल्या डिसेंबरात इचलकरंजीचा एक यंत्रमागवाला
मास्क उपटून माझ्या गळ्यात पडला होता.
त्याची नखं अजून मानेवर आहेत, पांढरी.
जुन्याने आम्हा दोघांना
बोटीपर्यंत तरंगत ठेवलं, कुरकुर न करता.
महिन्याने त्याने कुरियरने चादर पाठवली.
डबल बेडची.

अकरा किलोत मी येते.
माझ्यासकट कुणी येईल का, हे पत्रकात नाही.
धरायला कडीसुद्धा एकच, तीही प्लॅस्टिकची.
मी ते पान दुमडलं, उघडलं, परत दुमडलं.
मग दुकानाला पैसे पाठवले.

आतेला सांगितलं. तिने सुरी पुसली.
‘आनी थय कोण बुडाक लागलो तर?’
‘थय माका कोण वळाकता?’
हे मी हसत म्हणाले.
ती हसली नाही, पुढची सुरमई ओढून घेतली.

दोन्ही गोड्या पाण्यात विसळून
दोरीवर टाकली आहेत.
नवं अर्ध्या तासात वाळलं, वाऱ्याने गुंडाळलं,
एकदा दोरीवरून उडूनही गेलं.
जुनं संध्याकाळ झाली तरी ठिबकतंय.
खाली वाळूत
मुठीएवढा खळगा पडलाय.