सव्वाचारशे रुपयांची सूरपेटी

आठ पायांची ही काळी चिप.
हिला दोनच गोष्टी येतात, वर आणि खाली.
मधली पायरी हिच्या घरात बांधलेलीच नाही.
म्हणून हिचा सा टोकदार निघतो,
पेडव्याच्या काट्यासारखा घशात अडकतो.

पास्कूमाम म्हणायचा, काटे काढायला सुरी नको,
एक रोध, एक कपॅसिटर पुरे.
वरचे तिखट सूर जमिनीत सोडून द्यायचे
आणि उरेल ते गिऱ्हाइकाला.
तो गेला तेव्हा त्याच्या खणात
चॉकलेटच्या डब्यात लावून ठेवलेले कपॅसिटर सापडले,
पिवळे, तपकिरी, एक पाय तुटलेले.
डबा मी घेतला. सोल्डरगन त्याच्या जावयानं नेली.

वेंगुर्ल्याच्या हवेत तांबं टिकत नाही.
आठवड्यात पट्टीवरच्या रेषा हिरव्या पडतात.
मी त्यांना नेलपॉलिश फासतो, बायकोचं, लालभडक.
झाकण उघडलं की वाटतं,
पेटी कुठल्या लग्नाला निघालीय.

तंबोऱ्याला जोडीच्या तारा असतात
म्हणून एकाच सा साठी मी दोन चिपा लावल्या.
पंधरा रुपये वाढले. डबीचा प्लास्टिक पत्रा थरथरायचा,
आतून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला.
कपॅसिटर मोठा केला.
आवाज गोल झाला, भिजवलेल्या तांदळासारखा.
मी दुकानात एकटाच बराच वेळ ऐकत बसलो.

नवाबागच्या देवळात भिकाजीबुवा आरोलकरांनी
पेटी मांडीजवळ ठेवली, कान लावला.
"गोड झालो रे. पण लाटांत बुडता.
आदलोच बरो होतो. नाकात बोलाय, पण ऐकाक येय."

एवढा मोठा समुद्र मी हिशेबात धरलाच नव्हता.

तिथंच, पायरीवर बसून, टॉर्च दातात धरून
अर्धा कपॅसिटर काढला.
थोडे काटे परत ठेवले.

मग भजन उभं राहिलं.
रात्र ओली होत गेली तसा सा खाली सरकू लागला,
बुवा सरकले, झांजवाले सरकले, अख्खा पार सरकला.
एकट्या स्वप्नेशनं, बुवांच्या नातवानं,
मोबाईलवरचा काटा दाखवून मला खुणावलं:
काका, पाव सूर उतरलाय.
मी म्हटलं, गप ऱ्हव. सगळे उतरले मां?

दोन चिपांतली एक जरा लवकर दमते.
मग दोघींच्या मधे एक संथ लाट उठते,
येते, जाते, येते.
ती मी कुठल्याच कागदावर काढलेली नाही.

प्रसाद वाटताना बुवांनी विचारलं,
"ह्या मधी हलता ता काय घातलंस?"

"काय नाय, बुवा. मीठ."