दहा नंबरचा पाना

एकतीस वर्षं धडधडलं, आणि परवा
खडकांमधल्या चिंचोळ्या वाटेत
एकदाच खोकलं नि गप्प झालं.
सिलिंडरात खारं पाणी, पिस्टन जागीच धरलेला.
गुनवोरने शीड चढवलं,
काही न बोलता होडी धक्क्याला आणली.

ऑरुस्ट बेटावर एप्रिल म्हणजे बोटं बधिर.
क्रेनचे पैसे कशाला, अल्गॉट म्हणाला, तिचा भाऊ,
परभाणालाच कप्पी बांधू.
बोल्ट सुटता सुटेनात.
आधी तेल पाजलं, मग आगीने शेकलं,
मग शिव्या घातल्या.
शिव्यांनी दोन सुटले.

दुपारी उचललं एकदाचं:
दोनशे किलो लोखंड
दोरावर सावकाश गिरकी घेत,
उपटलेल्या दाढेसारखं.

आणि खाली, काळ्या तेलाच्या गाळात,
दहा नंबरचा पाना.

याच पान्यापायी तिने
तीन उन्हाळे त्याच्याशी अबोला धरला होता.
न विचारता नेतोस, हरवतोस, वर नाही म्हणतोस.
आईच्या साठीलाही
दोघं टेबलाच्या दोन टोकांना.

अल्गॉटने पाना चिंधीने पुसला.
बराच वेळ पुसत राहिला.

नवं इंजिन निम्म्या वजनाचं.
त्याच्यासाठी जुने ओंडके दोन बोटं तासावे लागले.
होडी मागून वर उचलली गेली,
पाण्याखालचा हिरवा शेवाळी पट्टा
भर उन्हात उघडा पडला.
घासायला हवं, ती म्हणाली,
नजर दुसरीकडेच ठेवून.

शेवटचा नट राहिला.
पाना दे, तो म्हणाला.
पाना तिच्या खिशात.

विचारून घेत जा, ती म्हणाली,
आणि दिला.