वाकडे खिळे

सासूबाई खिळे सरळ करत बसल्यात.
इथं दगड सापडत नाही, सगळा अ‍ॅमेझॉनचा गाळ,
म्हणून बोटीच्या मेलेल्या इंजिनाचा तुकडा मांडीशी.
पाठीवर दोन हलके घाव, मग एक नेमका.
मागच्या वर्षीचेच खिळे. त्याच्या मागच्याही.
नवे आणायला सांतारेमला जायचं
तर तेल खिळ्यांहून महाग.

नदीनं काल तिसरी पायरी गिळली.
जुरांदिर खांबावर कोळशाची रेघ मारून आला:
रात्रीत चार बोटं.
म्हणजे रविवारी जमीन उचलायची.

जमीन म्हणजे फळ्या.
आधी निजायच्या खोलीतल्या उपटायच्या,
वीतभर वर ठोकायच्या, मग पुढच्या.
चूल सगळ्यात शेवटी, एक वेळचं चुकलेलं
सासूबाईंना खपत नाही.
कोंबड्या तराफ्यावर. कसाव्याच्या पिठाचा डबा आढ्याला.
नेइदेच्या कमरेला दोरी, दोरी खांबाला.
ती रडते,
आम्ही गाठ तपासतो.

मे महिन्यात खाली पाणी, वर पत्रा,
मधे आम्ही, कमरेत वाकलेले.
रात्री फळीखालून काहीतरी घासत जातं.
ओंडका असेल, म्हणतो जुरांदिर.
ओंडके प्रवाहाच्या उलट जात नाहीत,
हे मी म्हणत नाही.

मग पाणी निघालं, पाहुणा निघतो तसं,
निघतो निघतो म्हणत पायरीवर रेंगाळत.
मागे चिखल, चिखलात एक चप्पल,
आमची नव्हे.
आठवडाभर खरवडलं, ब्लीचनं धुतलं.
वास गेला नाही, आमची नाकं सरावली.
फळ्या पुन्हा खाली आल्या,
उपटताना वाकलेले खिळे
पुन्हा सासूबाईंच्या डब्यात.
परसात, ओल आहे तोवर,
टरबुजाचं बी टोचलं.

थोरल्या दिराचा फोन: आई, ये इकडे,
सिमेंटचं पक्कं घर आहे.
त्या म्हणाल्या, "पक्कं आहे ना,
मग उचलणार कसं रे?"

आज सकाळी कॉफीचा पेला घेऊन
त्या बाहेर येत होत्या.
डोक्यावर दोन हात मोकळी हवा,
तरी दारापाशी वाकल्या.
मागून मीही वाकले.
आणि नेइदे, जिचं डोकं
कधीच पत्र्याला लागलं नव्हतं,
तीही,
आमचं बघून.